युटातला एप्रिल: अंतर नव्हे, उंची बघा

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या सहा दिवसांच्या सहलीसाठी सनस्क्रीन आणि बर्फात बुटांना लावायचे काटे आम्ही एकाच पिशवीत भरले होते. तिसऱ्या दिवशी दोन्ही लागले, तेही चार तासांच्या आत.

आम्ही तिघं होतो: मी, बायको आणि भारतातून आलेले सासरे. सासऱ्यांचं वय ६७, तरुणपणी सह्याद्रीतले बरेच गड पालथे घातलेले, आणि अजूनही उतारावर माझ्या पुढे. मार्ग नेहमीचाच. लास व्हेगासहून झायन राष्ट्रीय उद्यान, तिथून ब्राइस उद्यान, मग हायवे १२ ने एस्कलान्टे गाव, कॅपिटॉल रीफ उद्यान आणि शेवटी मोॲब गाव. महिना एप्रिल, दुसरा आठवडा.

पहिली चूक गाडीत बसायच्या आधीच झाली. झायनमधल्या एंजल्स लँडिंग या कड्यावर जायला २०२२ पासून परवाना लागतो आणि तो सोडतीने मिळतो. कित्येक महिने आधी अर्ज केला नसेल तर आदल्या दिवशीची एक सोडत असते. तिचे अर्ज दुपारी ३ ला बंद होतात आणि ४ वाजता निकाल लागतो. मी व्हेगासमध्ये जेवण आटपून निवांत २ वाजून १० मिनिटांनी फोन काढला, तर अर्ज बंद. युटाचं घड्याळ व्हेगासच्या, म्हणजे नेवाडाच्या, एक तास पुढे असतं, हे माहीत असूनही डोक्यात आलं नाही. सासरे एवढंच म्हणाले, "जावईबापू, गाडी चुकली." पुढचे सहा दिवस ते रोज सकाळी मला वेळ विचारत होते.

परवाना नसला तरी त्याच वाटेवरच्या स्काउट लुकआउटपर्यंत जाता येतं आणि तेवढी चढण मुळीच वाया जात नाही. उद्यानाच्या शटल बसच्या ६ नंबरच्या थांब्यावर, ग्रोटोला उतरायचं. वसंतापासून शरदापर्यंत त्या दरीत खासगी गाड्या सोडत नाहीत, त्यामुळे सकाळी लवकरची शटल पकडा. चढ साधारण हजार फुटांचा. मध्ये एक अरुंद, थंडगार घळ लागते आणि तिच्यानंतर वॉल्टर्स विगल्स, म्हणजे कड्याला चिकटवलेली २१ वळणं. साखळ्या धरून शेवटच्या धारेवर जाणारे लोक इथून दिसतात. त्यांच्याकडे बघत आम्ही संत्री खाल्ली आणि माझा अपमान थोडा निवला.

नॅरोज, म्हणजे नदीच्या पात्रातूनच चालायची वाट, बंद होती. एप्रिलमध्ये ती मिळेल असं धरूनच चालू नका. वरच्या पठारावरचं बर्फ वितळतं आणि व्हर्जिन नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की खालून आत जायला मनाई होते. तुम्ही टी शर्टमध्ये घामाघूम असता आणि नदी मात्र अजून हिवाळ्याचा हिशेब चुकता करत असते. पाण्याचे बूट आणि काठी भाड्याने घ्यायचे पैसे त्या दिवशी वाचले, एवढंच.

दुपारी नैर्ऋत्येकडून वारा सुटला. दातांत वाळू, डोळ्यांत वाळू, सँडविचमध्ये वाळू. शटलच्या रांगेत टोप्या उडत होत्या. ऊन होतं आणि आकाश निळं होतं, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं. या भागात वसंतातला असा जोराचा नैर्ऋत्य वारा बऱ्याचदा थंड हवेच्या लाटेच्या पुढे पुढे धावत येतो. वारा सुटला की पुढच्या एकदोन दिवसांत पारा उतरणार, असं धरून सामान वर काढून ठेवा.

झायनहून ब्राइस दोन तासांच्या आत येतं. रस्ता १९३० साली पुरा झालेल्या एका मैलभर लांबीच्या बोगद्यातून जातो आणि पुढे सरळच आहे. नकाशावर दोन्ही ठिकाणं शेजारी वाटतात. पण झायनच्या दरीचा तळ आहे साधारण ४,००० फुटांवर आणि ब्राइसची कड ८,००० फुटांवर. दर हजार फुटांमागे साधारण २ अंश सेल्सिअस उतरतं असं धरा, म्हणजे नुसत्या उंचीनेच ८ अंश गेले. लाट आली ती वेगळीच. निघालो तेव्हा बाह्या वर केलेल्या होत्या. पोचलो तेव्हा बर्फ आडवं पडत होतं आणि रेनबो पॉइंटकडे जाणारा रस्ता बर्फ काढण्यासाठी बंद केला होता.

सनसेट पॉइंटवर गेलो तर समोर काही नाही. पांढरं. कठडा, कठड्यापुढे दोन फूट माती, मग पडदा. आठ हजार मैलांवरून आलेला माणूस अशा वेळी काय म्हणेल, याची मला धास्ती होती. सासऱ्यांनी कानटोपी खाली ओढली आणि म्हणाले, "धुक्यात गड बघायची मला सवय आहे. उद्या दिसेल."

दिसला. म्हणून सांगतो, ब्राइसला एक तरी रात्र मुक्काम करा. बरेच जण झायनहून येतात, दोन तास थांबतात आणि पुढे जातात. वसंतात हा जुगार आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि खाली दरीभर उभे असलेले ते नारिंगी दगडी सुळके, ज्यांना हूडू म्हणतात, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरी टोपी. आदल्या दिवशीच्या ज्या हवेला मी शिव्या घातल्या होत्या, तिनेच ते घडवलेत. इथे वर्षातल्या निम्म्याच्या आसपास रात्री पारा गोठणबिंदूच्या वरखाली होतो. दिवसा वितळलेलं पाणी भेगेत शिरतं, रात्री गोठतं, फुगतं आणि दगड फोडतं.

आम्ही सनराइज पॉइंटवरून क्वीन्स गार्डनला उतरलो आणि त्याच वाटेने परत आलो. वॉल स्ट्रीटची अरुंद वाट दरडींमुळे हिवाळ्यात बंद करतात आणि ती उघडायला वसंत बराच उलटतो. ती गृहीत धरून आखणी करू नका. बुटांचे काटे वरच्या अर्ध्या मैलात अगदी लागलेच, कारण तुडवून तुडवून वाटेवर काचेसारखा बर्फ झाला होता. साडेदहाला त्याच वाटेवर लाल चिखल. तो बुटाला असा चिकटतो की प्रत्येक पायात किलोभर वजन. म्हणून उतरायचं ते सकाळीच, चिखल गोठलेला असताना. वर आलो तेव्हा ऊन असं होतं की बायकोचं नाक भाजलं. आठ हजार फुटांवर खालून बर्फ आणि वरून सूर्य.

आता या सहलीतला एकच खरा निर्णय. हायवे १२ वर एस्कलान्टेजवळून होल इन द रॉक नावाचा कच्चा रस्ता फुटतो. त्यावर साधारण २६ मैल आत पीकअबू आणि स्पूकी या दोन चिंचोळ्या घळी आहेत. फोटो मी वर्षभर बघत होतो. एस्कलान्टेच्या माहिती केंद्रातल्या रेंजरबाईंनी गाडी कुठली ते विचारलं आणि अंदाज दाखवला: दुपारनंतर सरी. त्या म्हणाल्या, "जाल. परत येण्याचं सांगत नाही."

घळीतल्या लोंढ्याची भीती खरीच आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अशा लोंढ्यात ११ जणांचा जीव गेला आणि पाऊस पडला होता कित्येक मैल दूर. डोक्यावर निळं आकाश आहे, एवढ्याने घळ सुरक्षित ठरत नाही. पण माझ्या मते वसंतात त्याहून जास्त शक्यता रस्त्यानेच फसवण्याची. तिथली माती भिजली की लोण्यासारखी होते आणि चारही चाकं फिरणारी गाडीसुद्धा जागची हलत नाही. फोनला रेंज नाही. शिवाय भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुतेक वेळा मनाई असते, म्हणजे ओढून काढायचा खर्च आपल्याच बोकांडी. आम्ही परत फिरलो. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

त्याऐवजी लोअर काफ क्रीकच्या धबधब्याला गेलो. पार्किंग डांबरी रस्त्यालगतच. जाऊन येऊन साधारण ६ मैल, चढ फार नाही, पण वाळूत पाय रुततो, त्यामुळे आठ मैल चालल्यासारखं वाटतं. पलीकडच्या कड्यावर फ्रीमाँट या प्राचीन मूलनिवासी लोकांनी लाल रंगात काढलेल्या तीन मोठ्या आकृत्या आहेत. दुर्बीण असेल तर न्या. धबधबा १२६ फुटांचा, खाली हिरवट डोह. परतताना खरंच सर आली आणि सासऱ्यांनी मला ओल्या खडकावर उडी मारू दिली नाही. "हा वाळूचा दगड आहे, आपला काळा पत्थर नव्हे." बरोबरच होतं. वालुकाश्म भिजला की ठिसूळ होतो आणि कडेचा धरलेला दगड हातात येतो.

पुढे रस्ता एका धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना खोल. त्याला हॉगबॅक म्हणतात. सासरे म्हणाले, राजगडाच्या माचीवर डांबर टाकलंय. तिथून बोल्डर माउंटनवर ९,६०० फुटांपर्यंत चढ. दुपारी चार वाजता तिथे बर्फ पडत होतं आणि रस्त्यात मोकळ्या गाई उभ्या होत्या. हा टप्पा अंधारात करू नका. झायनचा वारा आणि ब्राइसचं बर्फ बघूनही मी तासाभराच्या भरवशावर निघालो होतो. सव्वादोन तास लागले.

हवामानाचं म्हणाल तर गावाचं नाव टाकून अंदाज बघू नका. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या नकाशावर नेमक्या ठिकाणी टिचकी मारली की त्या जागेच्या उंचीसकट अंदाज येतो. घळींसाठी ते लोंढ्याची शक्यताही रोज वेगळी देतात. आम्ही रोज रात्री दुसऱ्या दिवसातला सर्वांत उंच आणि सर्वांत खालचा बिंदू बघायचो. कपडे त्यावरून ठरायचे.

कॅपिटॉल रीफला गर्दी कमी आणि तिथल्या फ्रूटा या जुन्या वस्तीच्या बागांना बहर. लाल कड्याखाली मॉर्मन पंथाच्या वसाहतकारांनी लावलेली फळझाडं, पांढरी गुलाबी. हिकमन ब्रिज या नैसर्गिक दगडी कमानीची वाट दोन मैलांच्या आत संपते, वारा असला तरी करता येते. गिफर्ड हाउस या दुकानातले 'पाय', म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, मात्र सकाळीच घ्या, आम्ही दुपारी गेलो आणि रिकामं कपाट बघितलं.

मोॲबचं फार लिहीत नाही, सगळेच लिहितात. तिथल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात काही वर्षं प्रवेशाची आगाऊ वेळ घ्यावी लागत असे. तो नियम बदलत राहतो, आधी बघा. राष्ट्रीय उद्यानांच्या पासाचंही तसंच: अमेरिकेत राहणाऱ्यांना वार्षिक पास ८० डॉलर, पण २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना तोच २५० डॉलर. भारतातून आईवडील येणार असतील तर हिशेब आधी मांडा. आर्चेसमधल्या डेलिकेट आर्च या कमानीकडे जाणाऱ्या उघड्या खडकावर आम्हाला दहा मिनिटं गारा लागल्या. मग ऊन.

परतीला ग्रीन रिव्हर गावात टाकी भरा आणि बाकीचंही उरकून घ्या. पुढे सलायना गावापर्यंत शंभराहून जास्त मैल ना पंप ना चहा. शेवटी ॲरिझोनाच्या हद्दीत शिरलो तशी गाडीतली घड्याळं एक तास मागे गेली. सासऱ्यांनी मागच्या सीटवरून विचारलं, "आता किती वाजले, जावईबापू?"