शिमानामी काइदो सायकलवरून: पूल, चढ आणि जेवणाच्या वेळा

जपानच्या होन्शू बेटावरचं ओनोमिची आणि शिकोकू बेटावरचं इमाबारी यांच्यामध्ये सेतो समुद्रात सहा बेटं आहेत: मुकाइशिमा, इन्नोशिमा, इकुचिजिमा, ओमिशिमा, हाकाताजिमा आणि ओशिमा. त्यांना पुलांनी जोडणारा रस्ता म्हणजे शिमानामी काइदो. सायकलचा मुख्य मार्ग साधारण 70 किमीचा आहे. रस्त्याच्या डाव्या कडेला निळी रेघ आखलेली आहे आणि जागोजागी उरलेलं अंतर लिहिलेलं आहे, त्यामुळे नकाशा न उघडताही चुकायला होत नाही. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, म्हणून भारतातून येणाऱ्याला पहिल्या चौकातही बिचकायला होत नाही.

रोज सायकल चालवणारा माणूस हे अंतर पाच-सहा तासांत कापू शकतो, आणि बरेच जण तसंच करतात. पण जेवणासाठीही जाणार असाल तर एका दिवसात उरकू नका. बेटांवरची छोटी हॉटेलं सकाळी 11 ते दुपारी 2 एवढाच वेळ जेवण देतात, काही ठिकाणी माल संपला की त्याआधीच पाटी उलटते. मधल्या वारी सुट्टी असते ती वेगळीच. ओनोमिचीहून आरामात 9 वाजता निघून फोटो काढत गेलेला माणूस ओमिशिमाला अडीच-तीनला पोहोचतो आणि त्याच्या नशिबी कोन्बिनीतला (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानातला) भात येतो. म्हणून आधी कुठल्या बेटावर दुपारी जेवायचं ते ठरवा आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवा. एक मुक्काम पुरतो, दोन असतील तर उत्तम.

ऋतू निवडायचा तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जपानची मोठी सुट्टी असते, तेव्हा भाड्याच्या सायकली आणि खोल्या दोन्ही मिळत नाहीत. जून ते जुलैमध्यापर्यंत पाऊस, पुढे सप्टेंबरपर्यंत दमट उकाडा आणि वादळं. हिवाळ्यात थंडी फारशी नसते, पण पुलांवर वारा बोचतो.

टोकियो किंवा ओसाकाहून येताना शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) फुकुयामाला उतरा आणि तिथून साध्या लोकलने वीसेक मिनिटांत ओनोमिची गाठा. शिन-ओनोमिची नावाचं शिनकानसेनचं स्थानक आहे, पण तिथे फक्त सगळीकडे थांबणारी कोदामा थांबते आणि ते गावापासून तीनेक किमी दूर आहे.

स्वतःची सायकल आणायची की भाड्याने घ्यायची? दोन-तीन दिवसांसाठी भाड्याची पुरते. सार्वजनिक भाडेकेंद्रांची साधी सायकल एका टोकाला घेऊन दुसऱ्या टोकाला सोडता येते, इलेक्ट्रिक सायकलीला मात्र सहसा ही मुभा नसते, म्हणून आरक्षण करतानाच विचारा. ताब्यात घेतल्यावर अंगणातच एक फेरी मारा. उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. तुमची सवय उलटी असेल तर पुलाच्या उतारावर ते कळणं महागात पडतं. सीटची उंची तिथेच लावून घ्या: टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. पाच फूट दहा इंचांच्या वरच्यांना साध्या सायकलींची सीट अनेकदा पुरत नाही. त्यांनी ओनोमिचीच्या बंदरावरच्या यू-टू या जुन्या गोदामातल्या दुकानातून मापाची रोड सायकल आगाऊ सांगून ठेवावी.

स्वतःची सायकल असेल तर रेल्वेचा नियम कडक आहे. सायकल सुटी करून किंवा घडी घालून पूर्ण पिशवीत हवी. सीट किंवा हँडल बाहेर डोकावलेलं चालत नाही. लांबी, रुंदी, उंची मिळून 250 सेंमी आणि वजन 30 किलोच्या आत. दोन्ही चाकं काढून फ्रेमच्या दोन बाजूंना पट्ट्यांनी बांधा. मागच्या फोर्कमध्ये आधाराचा दांडा बसवा, नाहीतर डब्यात पिशवी टेकवली की डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारी यंत्रणा ज्यावर टांगलेली असते ती पट्टी) वाकतो आणि पुढे गिअर खडखडत राहतात. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तो बेटांवर मिळणार नाही. एक जादा घरूनच न्या. विमानासाठी पेडल काढताना डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे विसरू नका.

ओनोमिचीत सकाळी निघण्याआधी नाही, तर आदल्या दिवशी रामेन खा. इथला रस्सा सोया सॉसचा, गडद पण पातळ, त्यात छोट्या माशांचा अर्क आणि वर डुकराच्या पाठीच्या चरबीचे हरभऱ्याएवढे गोळे तरंगतात. नूडल्स चपट्या असतात. ते गोळे विरघळायच्या आत खाल्ले तर रश्श्याला खरी गोडी येते. नावाजलेल्या दुकानांपुढे साडेअकरालाच रांग लागते.

मुकाइशिमाला पुलावरून नाही, छोट्या फेरीने जायचं. पाचेक मिनिटांचा प्रवास आहे, भाडं मोजकंच, सुटी नाणी हाताशी ठेवा. पुढच्या सगळ्या पुलांना मुख्य रस्त्यापासून सायकलसाठी वेगळी वाट चढते, किलोमीटरभर लांब आणि चढ तीन टक्क्यांच्या आसपास. मधल्या गिअरवर बसून चढता येतो. खरा त्रास उलट्या दिशेने येतो: याच वाटांवरून उतरताना वळणं अंध असतात आणि समोरून चढणारे दमलेले लोक मध्यावर आलेले असतात. तिथे वेग आवरा.

इन्नोशिमा पुलावर सायकलची वाट मोटारींच्या खालच्या मजल्यावर, जाळीच्या आत आहे. हे बेट हास्साकू या संत्र्याच्या जातीचं मूळ गाव. त्याच्या कडवट फोडी आणि गोड बीन्सचं सारण तांदळाच्या मऊ मोचीत भरून जो दाइफुकू मिळतो तो चुकवू नका. ओकोनोमियाकी इथे उदोन नूडल्स घालून करतात: तव्यावर पातळ पोळी, त्यावर माशांची पूड, कोबीचा ढीग, मोड आलेले मूग, डुकराच्या मांसाचे काप, मग सगळं उलटवून नूडल्स आणि अंड्यावर बसवतात.

इकुचिजिमावर सेतोदा गाव लिंबांचं. लिंबू ऑक्टोबर ते वसंतापर्यंत झाडावर असतं, बाकीच्या महिन्यांत जेलातो आणि सरबतावर भागवा. मुक्कामाला ही चांगली जागा आहे. पुढचा तातारा पूल 1999 चा, 1,480 मीटर लांब. त्याच्या मनोऱ्याखाली लाकडी ठोकळे टांगलेले आहेत. ते एकमेकांवर आपटले की आवाज मनोऱ्यात वर-वर चढत जातो. दोन मिनिटं थांबून ऐकाच.

ओमिशिमावर निळी रेघ बेटाच्या टोकावरून पुढे निघून जाते, पण ओयामाझुमी देवस्थान आणि ताज्या माशांची हॉटेलं पलीकडच्या बाजूला आहेत. जाऊन-येऊन 15 किमीच्या आसपास आणि मधे एक चढ. दुपारचं जेवण इथे करायचं असेल तर सेतोदाच्या मुक्कामावरून सकाळी आठला निघा. देवस्थानात सामुराईंच्या चिलखतांचा मोठा संग्रह आहे, आवारात पुरातन कापराचा वृक्ष आहे. हाकाताजिमाच्या रस्त्याकडेच्या केंद्रात मिठाचं रामेन आणि मिठाचं आइसक्रीम मिळतं. चढाआधी घामाने गेलेलं मीठ भरून काढायला दोन्ही चांगली.

ओशिमावर मुख्य मार्गातले सर्वांत जास्त चढ आहेत आणि ते दिवसाच्या शेवटी येतात. किरोसान टेकडी 307 मीटरची, वर वास्तुविशारद केंगो कुमा यांनी रचलेलं निरीक्षणस्थळ आहे आणि समोर कुरुशिमा सामुद्रधुनीवरचे तीन झुलते पूल एका ओळीत दिसतात. शेवटचे तीनेक किमी फार तीव्र आहेत. साध्या तीन गिअरच्या सायकलीवर ढकलतच न्यावी लागते. अंधार व्हायच्या दोन तास आधी पायथ्याशी नसाल तर वर जाऊ नका.

शाकाहारी मंडळींसाठी: माशांचं दाशी (रश्श्याचा पायाभूत अर्क) बहुतेक सगळ्याच रश्श्यांत असतं, झारू सोबा या थंड नूडल्सच्या बुडवण्याच्या पाण्यातही. ओकोनोमियाकीत मांस नको म्हटलं तरी माशांची पूड आणि सॉस राहतात. 'मांस, मासे, दाशी चालत नाही' असं जपानीत छापून घेतलेलं कार्ड रात्रीच्या मिन्शुकूला (घरगुती पाहुणगृहाला) आरक्षणाच्या वेळीच पाठवा. रात्रीचं जेवण तिथे सहाच्या सुमारास ठरलेलं असतं, आयत्या वेळी बदल करायला घरात सामान नसतं. दुपारसाठी सोबत भाजलेल्या दाण्याची चटणी, मेतकूट आणि कोन्बिनीतला साधा, मीठ लावलेला भात हा जोड उत्तम चालतो.

इमाबारीत याकितोरी (भाजलेली कोंबडी) लोखंडी तव्यावर होते. कोंबडीची कातडी वजनाखाली दाबून कुरकुरीत करतात, वर गोडसर सॉस, बाजूला कच्चा कोबी. तिथे बिअर घ्यायची तर सायकल आधी परत करा. दारू पिऊन सायकल चालवणं जपानमध्ये फौजदारी गुन्हा आहे, आणि नोव्हेंबर 2024 पासून हातात मोबाइल घेऊन चालवण्यालाही तुरुंगाची तरतूद आहे. रात्री दिवा सक्तीचा. सायकल पुढे न्यायची नसेल तर इमाबारी स्थानकाजवळ सोडून मात्सुयामाची जलद गाडी पकडा, पाऊण तासाच्या आत पोहोचता आणि तिथल्या दोगोच्या गरम कुंडांत पाय मोकळे करता येतात.

मधेच पाऊस किंवा गुडघा आडवा आला तर सेतोदाहून ओनोमिचीला सायकल घेणारी बोट आहे. शेवटची फेरी संध्याकाळी लवकर सुटते आणि सायकलींची जागा मर्यादित असते, म्हणून निर्णय दुपारी तीनच्या आत घ्या.