अक्षता पडतात तिथेच चित्र फुटतं

संध्याकाळी सातला नवरीचे वडील पेनड्राइव्ह न्यायला येणार होते. रात्रीच्या गाडीने ते गावी निघणार, आणि दुसऱ्या दिवशी घरच्या टीव्हीवर आजी-आजोबांना लग्न दाखवणार. सकाळी दहाला स्टुडिओ उघडला तेव्हा १ तास ५२ मिनिटांची फिल्म तयार होती, पण ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती काही केल्या जात नव्हती.

रात्री सहायकाने ४के, एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत, म्हणजे कोडेक), ५० एमबीपीएस (सेकंदाला ५० मेगाबिट) असा एक्सपोर्ट लावला होता, म्हणजे तयार फाइल काढायला. फाइल झाली ४२ जीबीची. ‘एच.२६५ केलं की साइज निम्मी होते’ हे त्याने सगळीकडे ऐकलेलं. म्हणून त्याने कोडेक बदलला आणि पुन्हा एक्सपोर्टला लावून तो घरी गेला. मशीन पाच तास चाललं आणि फाइल पुन्हा ४२ जीबीचीच आली.

कारण टार्गेट बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती मेगाबिट वापरायचे तो आकडा, ५० तसाच राहिला होता. ११२ मिनिटं म्हणजे ६,७२० सेकंद. गुणिले ५० म्हणजे ३,३६,००० मेगाबिट. आठाने भागलं की ४२,००० मेगाबाइट. या गणितात कोडेकचं नाव कुठेच येत नाही, ४के की फुल एचडी हेही येत नाही. मिळालेल्या बिट्समध्ये चित्र किती चांगलं बसेल, एवढंच कोडेक ठरवतो. २००३ च्या एच.२६४ ला जेवढे बिट्स लागतात, त्याच्या साधारण निम्म्यात २०१३ चा एच.२६५ तेवढंच चित्र देतो. पण तो निम्मा आकडा बिटरेटच्या रकान्यात आपण भरायचा असतो. हे न सांगता नुसतं ‘कोडेक बदला’ म्हणणारा सल्ला माणसाची अख्खी रात्र खातो.

सकाळी आल्या आल्या त्याने बिटरेट ३० करून तिसरा प्रयत्न केला होता. २५.२ जीबी. पेनड्राइव्हवर जागा होती, तरी विंडोजने ‘फाइल टू लार्ज’ म्हणून कॉपी नाकारली. हा घोळ वेगळा. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फाइल-मांडणीत फॉरमॅट केलेला होता, आणि फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, मग जागा कितीही असो. एक्सफॅट या नव्या मांडणीत फॉरमॅट केला तर संगणकाचा प्रश्न सुटतो, पण बरेच जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. म्हणून नवरीच्या वडिलांना फोन केला. “काका, टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो घरून मागवता का?” फोटो आला. मॉडेल जुनं, फुल एचडी, एच.२६५ चालत नाही, यूएसबीला फॅट३२ च लागतो. हा फोन आदल्या दिवशी करायला हवा होता. फाइल कुठे चालणार हे कळल्याशिवाय एक्सपोर्टच्या सेटिंगला हातच लावू नये.

आता गणित उलटं. फिल्मचे तीन भाग पाडले: हळद ३८ मिनिटं, लग्न ४१, वरात आणि स्वागत समारंभ ३३. सगळ्यात मोठा भाग २,४६० सेकंदांचा. विंडोज जीबी १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून त्याचे ४ जीबी म्हणजे सुमारे ४,२९५ मेगाबाइट. गुणिले आठ, भागिले २,४६०, तर १३.९ एमबीपीएस ही शेवटची मर्यादा, आणि त्यातच आवाज बसवायचा. आवाजाला एएसी (आवाजाचा कोडेक) ३२० केबीपीएस, म्हणजे ०.३२ एमबीपीएस दिला. व्हीबीआर, म्हणजे प्रसंगानुसार कमी-जास्त होणारा बिटरेट, कधी कधी टार्गेटच्या थोडं वर जातो, म्हणून व्हिडिओला १२ धरले. २,४६० गुणिले १२.३२, भागिले आठ: ३,७८८ मेगाबाइट.

सेकंदाला २५ फ्रेम्सच्या फुल एचडीला १२ एमबीपीएस एरवी पुरतात. पण सीबीआर (सगळीकडे एकसारखा बिटरेट) १२ वर मंगलाष्टकांचा अर्धा मिनिट काढून पाहिला आणि ‘शुभमंगल सावधान’ला चित्र फुटलं. अंतरपाट खाली गेला, अक्षता उडाल्या आणि नवरीच्या चेहऱ्यावर चौकोन उमटले. ज्या क्षणासाठी आजी टीव्हीसमोर बसणार, नेमका तोच.

कारण असं की कोडेक प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. शेजारच्या फ्रेममधला कुठला तुकडा कुठे सरकला, तेवढंच बहुतेक वेळा लिहितो. पूजेला बसलेली माणसं त्याला स्वस्तात पडतात. अक्षतांचे शेकडो दाणे मात्र वाटेल त्या दिशेने जातात, मागच्या फ्रेमशी काही जुळत नाही. त्यात फोटोग्राफरचे फ्लॅश. शिवाय मुहूर्त गोरज, म्हणजे मंडपात उजेड कमी आणि कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता वाढवलेली, आयएसओ ६४०० वर. त्याचा ग्रेन, म्हणजे चित्रातले बारीक ठिपके, दर फ्रेमला नवा असतो, आणि कोडेक तोही इमानेइतबारे साठवत बसतो.

म्हणून आधी मंडपातल्या क्लिप्सना हलका डीनॉइज दिला, म्हणजे ते ठिपके थोडे पुसले. चेहरे मेणाचे दिसू लागण्याच्या बऱ्याच आधी थांबलो. मग सीबीआर सोडून व्हीबीआर २ पास घेतला, टार्गेट १२, मॅक्सिमम २४. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर कुठे गर्दी आहे ते पाहून ठेवतं, दुसऱ्यात शांत प्रसंगांचे वाचलेले बिट्स तिथे देतं. प्रीमियर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी हार्डवेअर एन्कोडिंग (ग्राफिक्स चिपकडून झटपट काम) बंद करून सॉफ्टवेअर निवडावं लागतं. वेळ बराच जास्त लागतो, पण त्या दिवशी तो द्यायलाच हवा होता.

इथे चाचणी घेताना फसायला होतं. फक्त अक्षतांचा अर्धा मिनिट २ पासने काढला तर सरासरी तेवढ्यातच १२ राखायची असते, उसने घ्यायला शांत भागच नसतो, आणि सेटिंग वाईट आहे असं वाटतं. म्हणून इन-पॉइंट, म्हणजे तुकड्याची सुरुवात, मागे गौरीहर पूजेवर नेला आणि सहा मिनिटांचा तुकडा काढला. आता अक्षतांचे दाणे सुटे दिसत होते, चेहरा स्वच्छ होता. दाण्यांच्या कडा किंचित मऊ, पण टीव्हीपासून आठ फुटांवर बसलेल्याला ते जाणवत नाही.

४के प्रत मुलीच्या लॅपटॉपसाठी वेगळ्या एक्सफॅट ड्राइव्हवर दिली: एच.२६५, २० एमबीपीएस, १७ जीबी.

तिन्ही भाग साडेपाचला झाले, मिळून १०.३ जीबी. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत, पुढे ०१, ०२, ०३, कारण जुन्या टीव्हीवर देवनागरी नावांच्या जागी नुसत्या चौकटी येतात. ‘सेफली रिमूव्ह’ करून पेनड्राइव्ह स्टुडिओतल्या जुन्या टीव्हीला लावला, दुसरा भाग उघडला आणि रिमोटने पुढे नेत अंतरपाटापाशी थांबवला. काका सातला आले तेव्हा तोच क्षण चालू होता. त्यांनी तो उभ्यानेच दोनदा पाहिला.