म्हैसमाळच्या घाटात, काळ्या ठिपक्यांच्या शोधात

संभाजीनगरहून खुलताबाद साधारण 25 किलोमीटर, आणि तिथून घाटाने म्हैसमाळ आणखी 12. सप्टेंबरात या रस्त्याला गर्दी असते ती ढगांसाठी आणि गिरिजादेवीच्या दर्शनासाठी. मी थांबत गेलो ते रस्त्याकडेच्या ओल्या मुरमापाशी. तिथे जमिनीला घट्ट चिकटलेल्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या हिरव्या चकत्या असतात. जुलैत त्या कोवळ्या असतात, दिवाळीपर्यंत वाळून मातीत मिसळतात. बघायच्या तर आत्ताच.

ही रिक्सिया, यकृतका (लिव्हरवर्ट) गटातली, म्हणजे शेवाळाच्या नात्यातली बिनफुलाची वनस्पती. मूळ, खोड, पान काही नाही. दुभंगत गेलेल्या चपट्या फिती, म्हणजे थॅलस. मधोमध पन्हाळीसारखी खाच आणि खाली मातीला धरणारे धाग्यासारखे मूलाभ. शेजारी काळपट, बुळबुळीत गोळा दिसला तर तो नॉस्टॉक, म्हणजे निळ्या-हिरव्या जिवाणूंची वसाहत. खडकावरचे राखाडी खरखरीत पापुद्रे आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतले. दोन्ही यकृतका नव्हेत.

दहापट मोठं दाखवणारं भिंग मधल्या खाचेवर धरलं की काळे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे थॅलसमध्येच रुतलेली बीजाणूंची पुटी, म्हणजे पिशवी. पावसात थॅलसवर पाण्याचा थर साचतो, त्यातून दोन शेपट्यांच्या नरपेशी, म्हणजे नरयुग्मक, पोहत अंडपेशीपर्यंत जातात. पाणी नसेल तर फलन नाही. फलनातून जो गोळा वाढतो तेवढाच या वनस्पतीचा द्विगुणित, म्हणजे पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असलेला भाग. बाकी सगळी हिरवी चकती एकगुणित, एकाच संचाची. गोळ्यातल्या मातृपेशींचं संच निम्मे करणारं अर्धगुणसूत्री विभाजन होतं आणि एकेकीपासून चार-चार बीजाणू होतात.

बीजाणू म्हणजे बारीक बी, ही समजूत इथे सोडावी लागते. बीमध्ये फलनातून झालेला गर्भ असतो, सोबत अन्नाचा साठा. बीजाणू ही एकच एकगुणित पेशी. ती रुजली की पुन्हा हिरवी चकतीच होते, जोडीदाराची गरज त्या चकतीला लागते, बीजाणूला नाही.

याच गटातल्या मार्केन्शियाशी तुलना केली की रिक्सियाचा कारभार अगदीच उघडाबोडका वाटतो. मार्केन्शियात छत्रीसारखा दांडा असतो, आणि पुटीत बीजाणूंसोबत पिळदार धागे असतात. हवा सुकली की ते वळवळतात आणि बीजाणू मोकळे होतात. रिक्सियाला ना दांडा, ना धागे, ना पुटी उघडायची सोय. थॅलस कुजेल तेव्हा बीजाणू तिथल्या तिथेच मातीत पडतात. मार्केन्शियाचे बीजाणू जेमतेम 10 ते 15 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), वाऱ्याने जाणारे. रिक्सियाचे बरेचदा 50 ते 120 मायक्रॉनचे, जाड जाळीदार भिंतीचे. साधी रचना म्हणजे आदिम, असं पूर्वी बरेचजण मानत. भारतीय यकृतकांचे थोर अभ्यासक शिवराम कश्यप (1882–1934) यांनी उलट मांडलं: गुंतागुंतीच्या पूर्वजांपासून अवयव गळत गळत ही रचना आली. या मुरमावर उभं राहून मला ते पटतं. आठ महिने कोरड्या जाणाऱ्या मुलखात जी वीतभर जागा यंदा ओलावली, तीच पुढच्या आषाढातही ओलावेल. दूर उडून जाण्यात फायदा कसला?

नमुना घ्यायचा तर दोनच चकत्या, खाली नखभर जाडीची माती ठेवून, सुरीने उचला. कागदी पाकिटात ठेवा, वर तारीख आणि जागा लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत लवकर बुरशी धरते. गौताळ्याच्या अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय काही उचलू नका, आणि वेरूळच्या लेण्यांच्या भिंतींवरचं हिरवं नुसतं डोळ्यांनी बघा.

घरी ठिपक्याजवळचा तुकडा ब्लेडने उभा पातळ कापून पाण्याच्या थेंबात ठेवा, दोन सुयांनी ठिपका फोडा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बीजाणू फिकट, गुळगुळीत आणि चार-चारच्या जुडग्यात चिकटलेले दिसले तर पिकलेले नाहीत. पिकलेले बीजाणू तपकिरी-काळे, जाळीदार आणि सुटे असायला हवेत. जाळी अंधूक दिसत असेल तर कापलेला तुकडा जाड राहिलाय.

उगवून बघायचे असतील तर घाई नको. काही जातींचे ताजे बीजाणू विसावा घेतल्याशिवाय रुजत नाहीत. पाकीट जूनपर्यंत कोरडं ठेवा. मग चाळलेली माती ओलसर करून कुकरमध्ये 20 मिनिटं वाफवा, गार करा, छिद्राच्या कुंडीत भरा आणि वाळलेली चकती चुरून वर भुरभुरा. पाणी वरून ओतलं तर बीजाणू वाहून कडेला जमतात, म्हणून कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवा. वर काच, पण बोटभर फट ठेवून. सकाळचं ऊन चालतं, दुपारचं नाही. आधी एक नळी फुटते, तिच्या टोकाला हिरवी टिकली धरते. टिकलीऐवजी हिरव्या केसांचं जाळं पसरलं तर ते मॉस आहे. माती नीट वाफवली गेली नव्हती.