दीड वर्षाच्या भाचीसाठी खेळणी: छाप, नंबर आणि पुठ्ठ्याची नळी

भाचीसाठी चार-पाच खेळणी घ्यायची होती. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात टोपलीतली सुटी मिळतात, गोखले रोडच्या दुकानांत खोक्यातली. सुटी हाताळून पाहिली, पण घेतली नाहीत. खोकंच नाही, तर बनवलं कोणी हे विचारायचं कुणाला?

खोक्यावर आधी आयएसआयचा छाप पाहिला. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे, परदेशी मालालाही. छापाच्या वर खेळण्यांच्या मानकाचा नंबर, आयएस ९८७३, हवा. सेलवर चालणारं असेल तर आयएस १५६४४. पण छाप कोणीही मारू शकतो, म्हणून माझा भरवसा त्याखालच्या सीएम/एल, म्हणजे परवान्याच्या नंबरवर. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे का ते दिसतं. एका गाडीचा नंबर टाकला, तर परवाना दुसऱ्याच कंपनीचा निघाला. खोकं परत ठेवलं.

नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेला या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे लाकडी खेळण्यावर छाप नसेलही. तिथे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग उतरतो का ते पाहिलं. यातून रंगात शिसं आहे का ते कळत नाही. चाटल्यावर रंग तोंडात जाईल का, एवढंच कळतं.

घरी खरी परीक्षा. प्रयोगशाळेतलं नळकांडं ३१.७ मिलिमीटर रुंद असतं. त्यात न दाबता पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. मी टिश्यू रोलची पुठ्ठ्याची नळी घेतली. ती साधारण ४ सेंटिमीटर रुंद, म्हणजे परीक्षा जास्तच कडक. खुळखुळा अडला. कापडी सशाचा प्लॅस्टिकचा डोळा मात्र चिमटीत धरून ओढला, तर मुळाशी दोरा सैल झाला. ससा बाद, भरतकामाचे डोळे असलेला आणला. ‘३ वर्षांखालील मुलांसाठी नाही’ हा इशारा बुद्धीबद्दल नसतो, अशाच तुकड्यांबद्दल असतो. बाळ हुशार आहे म्हणून तो डावलू नका.

सगळ्यात जास्त वेळ गाणाऱ्या पुस्तकाला दिला, कारण आत बटण सेल, म्हणजे बटणाएवढा चपटा गोल सेल. झाकण स्क्रूने बंद हवं, नखाने उघडणारं चालणार नाही. हा सेल अन्ननलिकेत अडकला तर ओल्या त्वचेतून वीज वाहून तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट एक्स-रेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा.