दुबारेचा हत्ती कॅम्प: ठाण्याहून निघाल तर दोन रात्री ठेवा

कोडगूतल्या (कुर्गमधल्या) दुबारेला ठाण्याहून जाणारे अनेकजण एकाच रात्रीचं बुकिंग करतात आणि नेमकी हत्तींची आंघोळ हुकते. मत्स्यगंधा एक्सप्रेस ठाण्याहून दुपारी निघते, सकाळी मंगळूरला पोचवते. तिथून संपाजे घाट, मडिकेरी, कुशालनगर असा साडेचार-पाच तासांचा रस्ता. म्हणजे रिसॉर्टवर जेवायच्या वेळेला. आंघोळ मात्र सकाळची, साधारण नऊ ते अकरा. दुसऱ्या दिवशी ती बघून निघालात, तर परतीची मत्स्यगंधा दुपारीच मंगळूर सोडते, ती सापडत नाही. म्हणून दोन रात्री हव्यातच. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या सुट्टीसाठी त्याच दिवशी सकाळी बसायचं.

दिवाळी म्हटलं ते मुद्दाम. म्हैसूरच्या दसऱ्याला इथलेच काही हत्ती जातात, तेही तालमीसाठी बरेच आठवडे आधी. त्या काळात कॅम्पवर हत्ती कमी असतात. जुलै-ऑगस्टात कावेरी फुगली की पलीकडे कॅम्पवर नेणाऱ्या होड्या बंद होतात, शिवाय जळवांचा त्रास. उन्हाळ्यात पाणी इतकं उतरतं की लोक दगडांवरून पलीकडे जाऊ पाहतात. ते करू नका. शेवाळलेल्या खडकावर पाय घसरतो आणि दोन दगडांमधल्या डोहाची खोली वरून कळत नाही.

संध्याकाळी हत्तींना चरायला जंगलात सोडतात, पायाला लांब साखळी लावून. सकाळी माहूत आणि त्यांचे मदतनीस कावडी त्या साखळीचा जमिनीवर उमटलेला माग काढत हत्ती परत आणतात. यातले बरेच जण जेनु कुरुबा समाजाचे. जंगल वाचणं हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. मग हत्तीला पाण्यात कुशीवर आडवं करून घासतात. तेव्हा पायांकडे लक्ष ठेवा: तळव्याच्या भेगा आणि नखांचे आजार ही पाळीव हत्तींची मोठी दुखणी, आणि ती तपासायची चांगली वेळ हीच. नंतर नाचणीचे उकडलेले गोळे आणि गूळ. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडेकशे किलो चारा लागतो, त्यामुळे आपल्या चार केळ्यांनी त्याचं पोट भरत नाही. फक्त माणसांच्या पिशव्या ओढायची सवय लागते.

पाण्यात उतरून हत्तीला हात लावण्यापेक्षा काठावरून बघावं, असं माझं ठाम मत आहे. आडवा झालेला हत्ती उठताना बाजूला कोण आहे ते बघत नाही. मागून कधीच जाऊ नका, फ्लॅश बंद ठेवा. डोळा आणि कानाच्या मधोमध काळपट ओघळ दिसला तर तो मद, म्हणजे हत्ती माजावर आल्याची खूण आहे. असा नर सहसा वेगळा बांधलेला असतो. माहूत सांगेल त्यापेक्षाही दहा पावलं मागे राहा आणि मुलांचा हात सोडू नका.