मुंबई ते न्यूयॉर्क किती तास?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पण एका आकड्यात मावत नाही, आणि तेवढं ऐकायला कुणी थांबत नाही.

आधी अंतर. पृथ्वीच्या गोलाईवरची सर्वांत जवळची वाट साधारण १२,५०० किमी. ती भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर शोधू नका. तिथे पट्टी ठेवलीत तर रेघ सौदी, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को करत जाते आणि भरते १४,२०० किमी. खरी जवळची वाट मुंबईहून उत्तरेकडे झुकून निघते: सिंध, अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड, आइसलंड, मग कॅनडाकडून खाली. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, म्हणजे माझ्याशी वाद घालावा लागणार नाही.

आता तास. ताशी ९०० किमीने भागलं तर चौदा येतात. मग तिकिटावर सोळाच्या आसपास का? जाताना जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारा, वारा समोरून येतो, हिवाळ्यात जास्तच. शिवाय तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते. धावपट्टीकडे रांगेत रेंगाळणंही त्यातच. परतीला वारा पाठीशी, म्हणून तास-दीड तास वाचतात.

सोळा तास म्हणून मोकळं व्हायला माझी हरकत नव्हती. १३ जून २०२५ नंतर ते जड जातं. पाकिस्तानने २४ एप्रिलपासून भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलेलंच होतं, त्यामुळे मुंबईहून पश्चिमेला जायला इराण-इराकवरची वाट महत्त्वाची झाली होती. १३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि तीही बंद झाली. एअर इंडियाचं मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान वाटेतून मुंबईलाच परतलं. न्यूयॉर्कहून मुंबईला येणारं जेद्दाला उतरवलं गेलं, मुंबईपासून साडेतीन हजार किमी अलीकडे. वळसा घालून पुढे का नाही येत, असं लोक विचारतात. ठरलेल्या वाटेपुरतं आणि थोडं राखीव एवढंच इंधन घेऊन विमान निघतं. चार-पाच तासांचं जास्तीचं न्यायचं तर माणसं नाहीतर सामान उतरवावं लागतं. वैमानिकांच्या कामाच्या तासांनाही मर्यादा असते. इंधन भरून झालं तरी तेच वैमानिक पुढे नेऊ शकतील, याची खात्री नसते. त्या प्रवाशांना अंतर किती झालं, हे कुठल्या तक्त्यात बघायचं?

मार्च २०२२ मध्येही असंच झालं. युक्रेन युद्धामुळे रशियावरून जाता येईना, तेव्हा युनायटेड या अमेरिकन कंपनीने न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्कहून मुंबईला येणारं थेट विमान बंद केलं. अंतर तेच होतं.

थांबा घेऊन गेल्यास लांब पडतं, हा समज मात्र सोडा. दुबईमार्गे जेमतेम चारशे किमी वाढतात, लंडनमार्गे त्याहून कमी. वेळ जातो तो विमानतळावर बसून.

आणि कृपा करून तिकिटावरच्या वेळा थेट वजा करू नका. रात्री दोनला निघून सकाळी साडेसातला पोहोचणं म्हणजे साडेपाच तास नव्हेत. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. हिवाळ्यातला साडेदहाचा फरक मिळवा, मग सोळा येतील. त्या आठवड्यात आकाश उघडं असेल तर.