उत्तर शून्य कसं येईल?

मंगळवारी बारावीच्या बॅचला डेफिनिट इंटिग्रल, म्हणजे दोन लिमिट्समधलं आलेखाखालचं क्षेत्रफळ, शिकवत होते. फळ्यावर गणित होतं एक छेद एक अधिक कॉस स्क्वेअर एक्स, लिमिट्स शून्य ते पाय. अंश-छेदाला कॉस स्क्वेअरने भागलं, टॅन एक्सला टी मानलं, वर सेक स्क्वेअर आयताच मिळाला. खाली टी स्क्वेअर अधिक २. मग लिमिट्स बदलल्या. टॅन शून्य म्हणजे शून्य, टॅन पाय म्हणजेही शून्य. उत्तर शून्य! मुलांनी उतरवूनही घेतलं.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी मात्र वहीच्या मागच्या पानावर आलेख काढत होती. म्हणाली, "मॅडम, हे फंक्शन कुठेच अर्ध्याच्या खाली जात नाही. मग क्षेत्रफळ शून्य कसं?"

तिचं खरं होतं. छेद १ ते २ मध्येच फिरतो, म्हणजे फंक्शन अर्धा ते एक. रुंदी पाय. उत्तर १.५७ आणि ३.१४ च्या मध्ये असायलाच हवं. पाय बाय टूला टॅनला किंमतच नाही, आणि मी ते न बघता पुढे गेले होते. मूळ फंक्शन तिथे धडधाकट आहे, खड्डा माझ्या सब्स्टिट्यूशनने पाडला. पाय बाय टूच्या दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून शून्य ते पाय बाय टू घेऊन दुप्पट केलं. आता टी शून्यापासून अनंतापर्यंत जातो आणि उत्तर येतं पाय बाय रूट टू, सुमारे २.२२.

सीईटीत ९० मिनिटांत ५० गणितं सोडवायची, त्यामुळे मुलांना लिमिट्स टाकायची घाई असते हे मला कळतं. पण त्याच घाईत एक छेद एक्स स्क्वेअरला उणे एक ते एक लिमिट्स टाकून 'उणे दोन' लिहिलं जातं. कायम धन असलेल्या फंक्शनचं क्षेत्रफळ ऋण! मधल्या शून्यापाशी ते फंक्शन अनंताला जातं, तिथे हे इंटिग्रल अस्तित्वातच नाही. फ्रेंच गणितज्ञ कोशीने १८२३ मध्ये इंटिग्रलची व्याख्या अधिकाधिक बारीक तुकड्यांच्या बेरजेच्या लिमिटवरून केली, ती कंटिन्युअस, म्हणजे मध्ये कुठेही न तुटणाऱ्या, फंक्शनसाठी. ती अट मला सूत्राइतकीच महत्त्वाची वाटते, आणि ती मुलांच्या वहीत सूत्राच्या शेजारीच असावी.

बुधवारी तास सुरू होताच सगळ्यांना मंगळवारचं पान काढायला लावलं. शून्यावर काट मारली, आणि त्या मुलीला तिचा आलेख फळ्यावर काढायला बोलावलं. तिने आधी खाली अर्ध्याची आडवी रेघ मारली, मग वर वक्र.